पडताळणी न केलेली लाथ

शुक्रवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, लालबागमधल्या आमच्या खोलीच्या उंबऱ्यात, मी माझ्या मुलीच्या कंबरेत लाथ मारली. मुलीला काहीही झालं नाही. मला पुढची पंचावन्न मिनिटं जमिनीवरून उठता आलं नाही.

घटनेची पार्श्वभूमी अशी.

मुलीचं नाव प्राची, वय एकवीस. ती वेटलिफ्टिंग करते. हौसेने नाही, स्पर्धेसाठी. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे. तीस वर्षं खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करतो. आमच्या घरात सर्वांत जड वस्तू प्राची उचलते आणि सर्वांत हलकी मी (पेन).

मात्र आमच्या चाळीत मला ओळखतात ते पेनमुळे नाही, डाव्या पायामुळे. मी पायाळू आहे. जन्मताना डोक्याऐवजी ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि अशा माणसाने लाथ मारली की कंबरेत भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. मी पायाळू असल्याचं मला आईने मी अकरा वर्षांचा असताना सांगितलं, तेही पाहुण्यांसमोर. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे धुरीअण्णा कंबर धरून दारात उभे होते. तेव्हापासून आजवर, म्हणजे सेहेचाळीस वर्षं, मी या चाळीला लाथा मारत आलो आहे. रीत ठरलेली. दुखणाऱ्याने चहाच्या आधी उंबऱ्यात पाठमोरं उभं राहायचं, पायाळूने डाव्या पायाने तीन लाथा मारायच्या, आणि लाथ खाणाऱ्याने न बोलता, मागे वळून न बघता सात पावलं चालायची. बरं वाटलं तर संध्याकाळी कुळथाचं पीठ किंवा चार आंबे आणून द्यायचे.

माझा स्वतःचा यावर विश्वास आहे का, असं कोणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण लाथ मागायला आलेला माणूस मुलाखत घ्यायला येत नाही.

प्राचीची कंबर मंगळवारी सरावात दुखायला लागली. रविवारी राज्य संघाची निवड चाचणी होती. गेल्या वर्षी याच चाचणीत ती एका किलोने बाहेर राहिली होती. एक किलो म्हणजे आमच्या घरी आठवड्याला लागणारी साखर. त्या साखरेसाठी ती वर्षभर पहाटे उठून परळच्या व्यायामशाळेत जात होती. तिच्या आंब्रे सरांनी तिला त्याच संध्याकाळी फिझिओथेरपिस्टकडे पाठवलं.

“फाटलंबिटलं काही नाही,” तिने घरी येऊन सांगितलं. “कण्याच्या दोन्ही बाजूंना जाड स्नायू असतात ना, खालपासून वर गेलेले, ते थकलेत. ते थकले की वजनाचा बार उचलताना पाठ गोल होते आणि मग दुखतं. दोन-तीन दिवस कमी वजन उचलायचं, सकाळ-संध्याकाळ हे पाच व्यायाम करायचे. रविवारी उचलता येईल म्हणाल्या.”

“म्हणजे झोपून राहायचं,” माझी बायको मंगल म्हणाली.

“नाही आई. झोपून राहायचं नाही, हेच तर सांगितलंय.”

“तेच ते. आडवी हो तू.”

इथपर्यंत प्रकरण साधं होतं. पुढे ते चाळीच्या हातात गेलं.

पाच व्यायामांपैकी तिसऱ्यात जमिनीवर दोन हात आणि दोन गुडघे टेकून उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ धरावा लागतो. आमची खोली दहा बाय बाराची. दार दिवसभर उघडं. बुधवारी सकाळी प्राची त्या अवस्थेत असताना समोरच्या खोलीतल्या वहिनी विरजण मागायला आल्या. विरजण न घेताच गेल्या. दहा मिनिटांत दुसऱ्या मजल्यावर बातमी होती की प्राचीला चालता येत नाही. पंधराव्या मिनिटाला ती तळमजल्यावर पोहोचली तेव्हा ऑपरेशन ठरलं होतं. (आमच्या वृत्तपत्राची मजकूर पाठवण्याची यंत्रणा इतकी वेगवान नाही.)

मग वस्तू यायला लागल्या. एरंडाची पानं आली. शेकायला वाळूची पुरचुंडी आली. कुणीतरी आपला कमरेचा पट्टा आणून दिला, जो प्राचीला दोनदा गुंडाळून वर गाठ मारता आली असती. प्रत्येक वस्तूबरोबर एक माणूस, प्रत्येक माणसाबरोबर एक आठवण, आणि प्रत्येक आठवणीच्या शेवटी कुणीतरी कायमचं अंथरुणाला खिळलेलं. पाण्याची कळशी उचलायला प्राची वाकली की मंगल स्वयंपाकघरातून किंचाळायची. बुधवार संध्याकाळपर्यंत पाचपैकी एकही व्यायाम पुरा झाला नव्हता.

त्या संध्याकाळी धुरीअण्णा आले. आता त्यांची चौऱ्याहत्तरी उलटली आहे. ते माझे पहिले रुग्ण, त्यामुळे त्यांना मत मांडण्याचा अधिकार आहे असं ते मानतात.

“घरात पायाळू असताना चेडू डाक्टराकडे कित्याक जाता?” त्यांनी मला विचारलं. चेडू म्हणजे प्राची.

“अण्णा, तिला लाथ मारून काय होणार?” मी म्हणालो.

“माका काय झाला? ह्यो बघ, उभो आसंय मगे.”

“आजोबा, तुम्ही काय उचलत होतात तेव्हा?” प्राचीने आतून विचारलं.

“स्टोव्ह पेटवूक वाकलंय.”

“मी ब्याण्णव किलो उचलत होते.”

“मग तुका चार लाथो लागतले,” अण्णा म्हणाले.

गुरुवारी माझी थोरली बहीण प्रभादेवीहून आली. ताई सहासष्ट वर्षांची आहे, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिने तेलाची बाटली आणली होती. ती उघडण्याआधी तिने मला गॅलरीत बोलावलं.

“बाळा, तू त्या पोरीला लाथबिथ मारू नकोस हं.”

“का?”

“नको म्हणते ना.”

“पण कारण?”

“वय झालं तुझं,” ताई म्हणाली आणि आत गेली.

एखाद्या वार्ताहराने इतकं अर्धवट वाक्य लिहून आणलं असतं तर मी कागद परत दिला असता. इथे मी पुढचा प्रश्न विचारला नाही. उलट मला राग आला. वय झालं म्हणे!

गुरुवारी संध्याकाळी प्राची घरी आली तेव्हा खोलीत सात माणसं तिच्या कंबरेची चर्चा करत होती. तिने बॅग खाली ठेवली.

“ऐका,” ती म्हणाली. “मला दुखतंय त्याच्यापेक्षा तुमचा त्रास जास्त आहे. मंगळवारपासून एकदासुद्धा धड व्यायाम करू दिला नाहीत. रविवारी मी पडले ना, तर कंबरेमुळे नाही पडणार, ह्या पानांमुळे पडणार.”

एरंडाची पानं पाटावर ठेवलेली होती. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

“आता माझी अट. बाबा उद्या सकाळी काय ती लाथ मारतील. त्यानंतर रविवारपर्यंत माझ्या कंबरेचं नाव काढायचं नाही. तेल नाही, पानं नाही, ‘आडवी हो’ नाही. मंजूर?”

“मंजूर,” मंगल म्हणाली.

“मंजूर,” अण्णा म्हणाले. ते कोणाच्या वतीने बोलत होते ते स्पष्ट झालं नाही.

“नुसता पाय लावा हां बाबा,” प्राची हळूच म्हणाली. “ह्यांना गप्प करायचंय फक्त.”

ताई त्या रात्री आमच्याकडेच राहिली. तेलाची बाटली तिने उघडलीच नाही.

शुक्रवारी सात वाजता गॅलरीत मी मोजली तेव्हा चौदा माणसं होती. चहा कोणी घेतला नव्हता, कारण अण्णांच्या मते नियम सर्वांना लागू होता. त्यामुळे वातावरण तणावाचं होतं. प्राची उंबऱ्यात गॅलरीकडे तोंड करून उभी राहिली. मी खोलीत, तिच्या मागे. ताई मोरीच्या दाराशी, पदर तोंडाला लावून.

एक तांत्रिक बाब इथे नोंदवायला हवी. वजन उचलण्याआधी प्राची खोल श्वास घेते, पोट घट्ट करते आणि पाठीचे ते दोन स्नायू ताणून धरते. सात वर्षं आंब्रे सरांनी तिला हेच शिकवलं आहे. कंबरेवर काही येणार असं कळलं की तिचं शरीर हे आपोआप करतं. लाथ येणार हे तिला कळलं होतं.

पहिली लाथ मी ठरल्याप्रमाणे लावली. टाच तिच्या ट्रॅकपँटला टेकवून खाली घेतली.

“लागूक नाय,” अण्णांनी निर्णय दिला.

दुसरी थोडी वरून गेली.

“ह्यो नुसतो वारो लागलो,” अण्णा म्हणाले. गॅलरीत कोणीतरी हसलं. मागून एका पोराने विचारलं, “काकांचं वय झालं काय?”

सेहेचाळीस वर्षांची कीर्ती होती. मी डावा पाय शक्य तितका मागे नेला आणि तिसरी लाथ मारली.

पाय भिंतीवर आपटला असं वाटलं. मध्ये भिंत नव्हती, प्राचीची पाठ होती. ती जागची हलली नाही. एक आवाज मात्र झाला, सुपारी फोडल्यासारखा, आणि तो माझ्या कंबरेतून आला. मी आधी दाराची चौकट धरली, मग कडी, मग काहीच नाही. उंबऱ्यावर आडवा झालो, डोकं खोलीत, पाय गॅलरीत.

“मागे बघू नको गो!” अण्णा प्राचीवर ओरडले. “सात पावला!”

प्राचीने अट पाळली. तिने सात पावलं मोजून टाकली. मागे चाललेला आरडाओरडा तिच्या आईचा आहे असं तिला पाचव्या पावलापर्यंत वाटत होतं, असं तिने नंतर सांगितलं. ती वळली तेव्हा अण्णा तिचं अभिनंदन करत होते.

“उतरली? उसण उतरली?”

“आजोबा, बाबा पडलेत.”

“ता रव दे. तुझी उतरली काय?”

माझी अवस्था अशी होती. पाठीवर पडलो होतो. उजवीकडे वळलो तर कंबरेत कळ, डावीकडे वळलो तर तीच कळ, न वळलो तर मंगलचा चेहरा. तीन माणसांनी मला उचलायचं ठरवलं. कोणी काखेत हात घालावा आणि कोणी पाय धरावेत यावर त्यांच्यात मतभेद झाले.

तेवढ्यात गॅलरीतून कुणालातरी सुचलं, “अरे, पोरगी शंभर-शंभर किलो उचलते. बापाला उचलायला तीन माणसं कशाला?”

सगळे प्राचीकडे बघायला लागले. तिने माझ्याकडे बघितलं, मग गुडघे वाकवले आणि माझ्या काखेत हात घातले.

तोपर्यंतचा सगळा प्रकार हसण्यावारी नेता आला असता. हा क्षण तसा नव्हता. तिची पाठ चार दिवसांची थकलेली, रविवार दोन दिवसांवर, आणि समोर मी, ब्याऐंशी किलो, ज्याला कुठून धरावं हे कोणालाच माहीत नव्हतं असा.

“थांब,” मी म्हणालो. “सरांना फोन कर.”

“बाबा, तुम्ही असे—”

“आधी फोन कर.”

तिने फोन स्पीकरवर लावला. आंब्रे सरांनी सगळं ऐकून घेतलं. लाथ का मारली हे त्यांनी विचारलं नाही. ते राजापूरचे, म्हणजे कोकणातलेच आहेत.

“वजन किती?” त्यांनी विचारलं.

“ब्याऐंशी.”

“धरायला काय आहे?”

“बनियन.”

“बार सरळ असतो, कडक असतो, मध्ये वाकत नाही. वडील वाकतात का?”

“सध्या नाही वाकत सर. ओरडतात.”

“उचलायचं नाही. कळलं? एक इंचसुद्धा नाही.”

“अहो सर,” मंगल फोनकडे ओरडली, “माणूस उंबऱ्यात पडलाय माझा!”

“वहिनी, त्यांचे पाय हलतायत? मुंग्या, बधीरपणा काही?”

मी दोन्ही पायांचे अंगठे हलवून दाखवले. गॅलरीतल्या चौदाजणांनी ते पाहिले आणि होकार दिला.

“मग राहू देत तिथेच थोडा वेळ. आपोआप सैल होईल. संध्याकाळी दोघांना घेऊन फिझिओकडे या.” सरांनी फोन ठेवला.

यानंतर जे घडलं ते कोणालाही अपेक्षित नव्हतं. ताई मोरीच्या दारातून पुढे आली. तिने पदर कमरेला खोचला, माझ्याजवळ आली आणि एका हाताने भिंत धरून डाव्या पायाने माझ्या कुशीत लाथ मारली.

“ताई?”

तिने दुसरी मारली.

“अगो, तू कित्याक मारतंस?” अण्णांनी विचारलं.

“कारण पायाळू मी आहे,” ताई म्हणाली आणि तिसरी मारली. ही जोरात होती.

ताई माझ्या उशाशी पाटावर बसली.

“मला बघायला यायचे तेव्हा,” ती म्हणाली, “दोन ठिकाणांहून नकार आला. पायाळू मुलीवर वीज पडते म्हणायचे लोक. तिसरे आले त्यांनी विचारलं, तुमच्याकडे कोणी पायाळू आहे असं ऐकलं. आईने तुझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाली, हा आमचा धाकटा. तू तिथे पोहे खात बसला होतास.”

पोहे मला आठवतात. त्यात खोबरं जास्त होतं.

“आणि मी?” मी विचारलं. “मी कसा जन्मलो?”

“सरळ. डोक्याने. तुझ्या वेळी काही त्रासच झाला नाही, आई नेहमी सांगायची.”

“आणि इतकी वर्षं सांगितलं नाहीस?”

“कशी सांगणार? तिसरे ते तुझे भावजी. आणि तुला लोक आंबे आणून द्यायला लागले होते.”

कोणतीही माहिती दोन ठिकाणांहून खात्री केल्याशिवाय छापायची नाही, असं मी नव्या मुलांना तीस वर्षं सांगतो आहे. हयात असलेली एकमेव प्रत्यक्षदर्शी सख्खी बहीण होती आणि घर दोन मैलांवर होतं. मी कधी विचारलं नाही.

अण्णा बराच वेळ माझ्या डाव्या पायाकडे बघत होते. “मग माझी कंबर कोणी बरी केलान?” त्यांनी शेवटी विचारलं. ते चहा प्यायला गेले. त्यांच्यामागे गॅलरी रिकामी झाली.

आणि मग एक गोष्ट प्राचीच्या लक्षात आली. उंबऱ्यात मी आडवा होतो. मला ओलांडून जाणं बरं दिसत नाही, त्यामुळे कोणालाही आत येता येत नव्हतं. चार दिवसांत पहिल्यांदा खोली शांत होती.

तिने माझ्या शेजारी चटई टाकली.

“गुडघे वर घ्या बाबा. हळू. आता श्वास सोडा.”

तिने पाचही व्यायाम केले, तीन-तीन वेळा. मी त्यांतला पहिला केला. मधून मधून कोणीतरी पानं किंवा वाटी घेऊन यायचं, माझ्या पायांपाशी थांबायचं, चौकशी करून परत जायचं. आठ वाजून पाच मिनिटांनी मी कुशीवर वळलो, दोन हात आणि दोन गुडघे टेकले आणि कपाटाला धरून उभा राहिलो.

“माझंपण सुटलंय थोडं,” प्राची पाठ वळवून बघत म्हणाली. “पाच दिवसांत पहिल्यांदा व्यायाम नीट झाले.”

“चार,” मी म्हणालो.

“झोपा तुम्ही परत,” ती म्हणाली.

शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवारी दोन्ही वेळा तिने व्यायामाआधी मला उंबऱ्यात चटई टाकून झोपवलं. मंगलने विरोध केला नाही.

रविवारी चाचणीला मी गेलो. बसवत नव्हतं म्हणून मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो, कमरेला प्राचीचा जुना पट्टा. स्नॅचमध्ये, म्हणजे बार एका दमात डोक्यावर नेण्यात, तिची तिन्ही वजनं वर गेली. क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे आधी छातीवर आणि मग डोक्यावर, पहिलं वर गेलं. दुसऱ्याला पाठ किंचित गोल झाली आणि बार पुढे पडला. मंगलने माझा दंड धरला. ताईने डोळे मिटले. अण्णा (ते आले होते) ताईकडे झुकून कुजबुजले, “तू एक मारून ये मगे.”

तिसऱ्या वेळी प्राची बारसमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. श्वास घेतला, पोट घट्ट केलं. ती पाठ मी ओळखली; तीच भिंत होती. बार गुडघ्यांवरून छातीवर आला, तिथे थांबला आणि डोक्यावर गेला. हात सरळ. पाय एका रेषेत. पंचांचे तीन पांढरे दिवे लागले, म्हणजे वजन मान्य. मी ओरडलो, आणि लगेच कळलं की ओरडायला कंबर लागते.

तिची निवड झाली. एका किलोने.

सोमवारी राज्य संघाच्या शिबिराचा अर्ज आला. घरातून बाहेर जाणारा प्रत्येक मजकूर मी तपासतो, तसा तोही प्राचीने भरून माझ्यापुढे ठेवला. तिसऱ्या पानावर एक रकाना होता: कुटुंबात कंबरेच्या दुखण्याचा इतिहास असल्यास सविस्तर लिहा.

तिने लिहिलं होतं: ‘वडील. शुक्रवार, सकाळी सात दहा. मला लाथ मारताना.’

मी मजकूर दोनदा वाचला. ताईला फोन करून वेळेची खात्री करून घेतली. दुरुस्ती करण्यासारखं काही आढळलं नाही. खाली पालकाच्या सहीची जागा होती. सही मी उभ्याने केली.